वापरलेल्या गिअरबॉक्सवरील छिद्रे आणि त्याची सुरक्षित पाठवणी

मोटारीतून उतरवलेल्या जुन्या गिअरबॉक्सच्या धातूच्या कवचावर लहानमोठी अनेक छिद्रे आणि तोंडे असतात. काही छिद्रे थेट आतल्या तेलापर्यंत जातात, काहींतून फिरणारे दांडे बाहेर येतात, काहींत स्विच किंवा केबल बसते, तर काही केवळ बोल्ट बसवण्यासाठी असतात. गाडीत बसवलेल्या अवस्थेत ही सर्व तोंडे कोणत्या ना कोणत्या भागाने झाकलेली असतात. गिअरबॉक्स सुटा झाला की ती उघडी पडतात. प्रत्येक छिद्राचे काम ओळखणे, ते योग्य बुचाने बंद करणे आणि गिअरबॉक्स तेल न सांडता व धक्का न लागता दुसऱ्या गावी पोहोचवणे, हा जुन्या सुट्या भागांच्या व्यवहारातील महत्त्वाचा टप्पा होय. चालू स्थितीत काढलेला गिअरबॉक्स वाटेत निकामी होण्याची कारणे बहुतेक वेळा उघडे राहिलेले छिद्र, चुकीच्या जागी ठोकलेले बूच किंवा दांड्यावर पडलेले वजन हीच असतात.

पार्श्वभूमी

नांदेड जिल्ह्यातील मुदखेड हे तालुक्याचे ठिकाण असून मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील जंक्शन आहे. येथून एक मार्ग निजामाबादमार्गे सिकंदराबादकडे जातो, तर दुसरा भोकर, हिमायतनगर व किनवटमार्गे आदिलाबादकडे जातो. हे स्थानक दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येते. मुंबईहून येणारा माल मनमाड, छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, पूर्णा आणि नांदेड या वाटेने येथे पोहोचतो. हा मार्ग पूर्वी मीटरगेज होता. त्या काळात मुंबईकडून ब्रॉडगेजने आलेला माल मनमाडला उतरवून पुन्हा भरावा लागे. १९९०च्या दशकात मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाल्यावर ही अडचण संपली. तरीही आजचे पार्सल वाटेत अनेकदा हाताळले जाते: गोदामातून टेम्पोत, टेम्पोतून फलाटावर, फलाटावरून पार्सलच्या डब्यात आणि उतरवताना पुन्हा तसेच.

मराठवाड्यातील लहान गावांत प्रवासी जीप, मालवाहू टेम्पो आणि जुन्या लहान मोटारी यांवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. अशा गाडीचा गिअरबॉक्स निकामी झाला की नवा भाग पुष्कळदा गाडीच्या उरलेल्या किमतीच्या मानाने महाग पडतो. म्हणून वापरलेला गिअरबॉक्स मागवला जातो. मुंबईतील कुर्ला, दिल्लीतील मायापुरी, चेन्नईतील पुदुपेट असे भाग जुन्या सुट्या भागांच्या व्यापारासाठी ओळखले जातात. शेकडो किलोमीटरांवरून मागवलेला असा भाग खरेदीदाराला चालवून पाहता येत नाही. तो गाडीत बसवून तेल भरल्यावरच त्याची खरी स्थिती कळते, आणि तोवर पैसे दिलेले असतात. त्यामुळे पाठवणाऱ्याची काळजी आणि स्वीकारणाऱ्याची तपासणी या दोन्हींना महत्त्व आहे.

गिअरबॉक्सचे प्रकार

छिद्रांची संख्या व जागा गिअरबॉक्सच्या रचनेवर अवलंबून असते. ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात.

* आडवा गिअरबॉक्स: पुढच्या चाकांना गती देणाऱ्या मोटारींत इंजिन आडवे बसवलेले असते, आणि गिअर व डिफरन्शियल एकाच कवचात असतात. डिसेंबर १९८३मध्ये बाजारात आलेली मारुती ८०० ही या रचनेची भारतातील परिचित मोटार होय. अशा गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या दांड्यांसाठी गोल तोंडे असतात.
* उभा गिअरबॉक्स: ॲम्बेसेडर, महिंद्रा बोलेरो, मारुती ओम्नी यांसारख्या मागच्या चाकांना गती देणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्स लांबट असतो. त्याचे पुढचे तोंड इंजिनकडे, तर मागचे तोंड प्रोपेलर शाफ्टकडे असते. डिफरन्शियल मागच्या ॲक्सलमध्ये वेगळे असते.
* स्वयंचलित गिअरबॉक्स: यात क्लचऐवजी बहुधा टॉर्क कन्व्हर्टर असतो, तेल दाबाखाली फिरते आणि ते थंड करण्यासाठी बाहेर नळ्या जोडलेल्या असतात. साहजिकच तोंडांची संख्या वाढते.

लहान मोटारीचा हातगिअरचा गिअरबॉक्स साधारणपणे तीसएक किलो वजनाचा असतो आणि त्यात सुमारे दोन ते अडीच लिटर तेल मावते. जीपचा किंवा स्वयंचलित गिअरबॉक्स याहून बराच जड असतो.

छिद्र ओळखण्याची पद्धत

ओळख सुरू करण्यापूर्वी कवच बाहेरून स्वच्छ करावे लागते. धूळ व ग्रीसचा थर असताना लहान छिद्रे दिसत नाहीत, आणि एखादे बूच काढताच ती घाण आत पडते. त्यासाठी आधी सर्व उघडी तोंडे तात्पुरती झाकून, ब्रश आणि थोडे रॉकेल किंवा डिझेल वापरून कवच पुसून घेतात. दाबाच्या पाण्याचा फवारा मारणे टाळावे. ऑइल सीलच्या ओठातून व ब्रीदरमधून पाणी आत जाऊ शकते.

त्यानंतर गिअरबॉक्स गाडीत जसा बसतो तसा ठेवावा. तेल भरण्याचे व सोडण्याचे बूच, ब्रीदर यांची ओळख मुख्यतः त्यांच्या उंचीवरून पटते, त्यामुळे उलटा किंवा आडवा ठेवलेला गिअरबॉक्स पाहणाऱ्याची हमखास दिशाभूल करतो. मग प्रत्येक छिद्राला क्रमाने तीन प्रश्न विचारता येतात.

१. हे छिद्र आतल्या तेलापर्यंत जाते का? बॅटरीच्या उजेडात पाहिल्यास बंद छिद्राचा तळ दिसतो. आरपार छिद्रात गिअरचे दाते किंवा काळोखी पोकळी दिसते, आणि आट्यांवर तेलाचा ओलसर थर असतो. खोली मोजायची झाल्यास बोथट टोकाची जाड तार बाहेरून घट्ट धरून वापरावी.
२. यातून एखादा फिरणारा किंवा सरकणारा दांडा येतो का? तसे असेल तर कडेला रबरी ओठाची ऑइल सील असते. अशा तोंडात आट्या नसतात.
३. यात दाबाखाली काही वाहत होते का? क्लचची हायड्रॉलिक नळी, स्वयंचलित गिअरबॉक्सच्या थंडाव्याच्या नळ्या यांची तोंडे या वर्गात येतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असलेल्या छिद्रांची वाहतुकीच्या दृष्टीने फारशी चिंता नसते. ती बहुधा इंजिनला जोडणाऱ्या बोल्टांची, माउंटिंगची किंवा तारा धरणाऱ्या पट्ट्यांची असतात. उर्वरित प्रत्येक छिद्र बंद करणे आवश्यक असते.

हातगिअरच्या गिअरबॉक्सवरील प्रमुख तोंडे

क्लच हाउसिंगचे तोंड: इंजिनकडील घंटेच्या आकाराचे हे सर्वांत मोठे तोंड होय. त्याच्या मध्यातून दातेरी इनपुट शाफ्ट बाहेर येतो आणि त्यावर क्लचची रिलीज बेअरिंग सरकते. हा भाग कोरडा असतो. तेल त्यामागील सीलपाशी थांबते. तोंडाच्या कडेवर बोल्टांची छिद्रे व इंजिनशी अचूक जुळणी साधणाऱ्या लहान पोकळ नळ्या असतात. या नळ्यांना डॉवेल म्हणतात. त्या गिअरबॉक्सवर आल्या की इंजिनवर राहिल्या याची नोंद करावी. त्या नसताना गिअरबॉक्स बसवल्यास इनपुट शाफ्ट किंचित तिरका राहतो आणि क्लच व बेअरिंग लवकर झिजतात.

सेल्फची खिडकी: स्टार्टर मोटार, म्हणजे बोलीभाषेतील 'सेल्फ', बसवण्यासाठी घंटेच्या कडेला गोल खाच असते. तिथून तेल येत नाही, मात्र धूळ व खडे क्लचच्या जागेत जाऊ शकतात.

क्लच फोर्कची खिडकी: हिच्यावर रबरी बूट असतो. तो फाटलेला असल्यास तसे नोंदवावे. काही गाड्यांत फोर्कऐवजी घंटेच्या आतच हायड्रॉलिक सिलिंडर असतो आणि त्याची नळी कडेने बाहेर येते. त्या नळीत गिअर ऑइल नसून ब्रेक फ्लुइड असते. ते रंग खराब करते आणि हवेतील ओलावा शोषते, म्हणून या नळीला स्वतंत्र टोपी लागते.

चाकांच्या दांड्यांची तोंडे: आडव्या गिअरबॉक्सवर डाव्या व उजव्या बाजूंना असलेली ही तोंडे तेल सांडण्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची असतात. ती कवचाच्या खालच्या भागात असल्याने दांडे ओढताच तेल बाहेर येते. काही रचनांत दोन्ही दांडे एकाच वेळी काढल्यास डिफरन्शियलमधील बाजूचे गिअर जागचे सरकतात, आणि पुढे दांडा बसत नाही. अशा वेळी योग्य मापाचा जुना दांडा किंवा तोंडात घट्ट बसणारे प्लॅस्टिकचे बूच त्याच जागी घालून ठेवतात.

मागचे तोंड: उभ्या गिअरबॉक्सच्या शेपटाकडील टोकाला काही गाड्यांत चार बोल्टांची चकती असते. ती जागेवर असेपर्यंत तेल गळत नाही. काही गाड्यांत मात्र प्रोपेलर शाफ्टचे टोक थेट आत सरकते. ते बाहेर काढले की सीलचे तोंड मोकळे होते, आणि गिअरबॉक्स मागे कलताच तेल सांडते.

तेल भरण्याचे बूच: हे कवचाच्या बाजूला, साधारण मध्यउंचीवर असते. बहुतेक गिअरबॉक्सांत तेच पातळी दाखवण्याचेही काम करते. छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत तेल आले की पातळी पुरी झाली असे समजतात.

तेल सोडण्याचे बूच: हे तळाशी असते. अनेकदा त्याच्या आतल्या टोकाला चुंबक असतो. त्यावर जमलेला बारीक करडा लगदा ही नेहमीची झीज होय. टोकदार तुकडे किंवा दाताचा अंश सापडल्यास तो गिअरबॉक्स विकत घेण्याजोगा नसतो.

ब्रीदर: वरच्या बाजूस असलेली बोटाच्या पेराएवढी लहान नळी किंवा सैल टोपी. गिअरबॉक्स तापल्यावर आतली हवा प्रसरण पावते, ती येथून बाहेर पडते. वाहतुकीपुरता ब्रीदर झाकणे योग्य असते. गाडी सुरू करण्यापूर्वी तो मोकळा केला नाही तर आतला दाब तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो. पुष्कळदा अशा गळतीचा दोष सीलवर येतो आणि गिअरबॉक्स विनाकारण पुन्हा खाली उतरवला जातो.

मीटर केबलचे किंवा वेगसंवेदकाचे तोंड: जुन्या गाड्यांत येथे प्लॅस्टिकचा लहान गिअर व त्याला जोडलेली स्पीडोमीटरची केबल असते, नव्या गाड्यांत विद्युत संवेदक असतो. तो काढून घेतलेला असल्यास बोटभर रुंदीचे गुळगुळीत छिद्र उरते, आणि ते थेट तेलात उघडते. सुट्या गिअरबॉक्सवर हे तोंड उघडे राहण्याची शक्यता बरीच असते, कारण केबल गाडीबरोबरच राहते.

रिव्हर्स लाइटचा स्विच: आट्या असलेल्या छिद्रात बसणारा, बहुधा दोन तारांचा स्विच. तो काढल्यास उरणारे छिद्र तेल भरण्याच्या छिद्रासारखेच दिसते. काही गाड्यांत न्यूट्रलचा स्विचही असतो.

गिअर बदलण्याचा दांडा: वरून किंवा बाजूने येणारा हा दांडा रबरी बुटाने झाकलेला असतो. उभ्या गिअरबॉक्सची उभी दांडी काढून घेतली असल्यास वरचे मोठे तोंड उघडे राहते. तेथून पावसाचे पाणी सरळ गिअरवर पडते.

बूच समजून उघडू नयेत असे बोल्ट

कवचावर बाहेरून दिसणारा प्रत्येक मोठा बोल्ट तेलाचे बूच नसतो. अनेक हातगिअरच्या गिअरबॉक्सांत कवचाच्या एका बाजूला जवळजवळ दोन किंवा तीन सारखे बोल्ट असतात. त्यांच्या मागे स्प्रिंग आणि पोलादी गोळी असते, आणि गिअर पडल्यावर दांडा जागी धरून ठेवण्याचे काम ती करते. तेल भरण्यासाठी म्हणून यांतील एखादा बोल्ट उघडल्यास स्प्रिंग उडते किंवा गोळी हरवते. गाडी चालू असताना गिअर आपोआप सुटू लागणे हा त्याचा परिणाम होय. तसेच रिव्हर्स गिअरचा लहान दांडा बाहेरून एका बोल्टने धरलेला असतो. तो बोल्ट काढल्यास आतला दांडा हलतो आणि पुढे कवच उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

यावर सोपा उपाय असा की जे छिद्र आधीपासून उघडे आहे त्याचीच व्यवस्था करावी, आणि बसलेले बोल्ट ओळख पक्की होईपर्यंत हलवू नयेत. त्या मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तिकेतील आकृतीशी ताडून पाहिल्यास शंका राहत नाही.

स्वयंचलित व अर्धस्वयंचलित गिअरबॉक्स

स्वयंचलित गिअरबॉक्सवर वरील तोंडांपैकी काही असतातच. त्यांखेरीज थंडाव्याच्या नळ्यांची दोन तोंडे, डिपस्टिकच्या नळीचे तोंड आणि अनेक पिनांचा विद्युत जोड असतो. थंडाव्याच्या तोंडांतून बारीक कचरा गेल्यास तो झडपांच्या अरुंद मार्गांत अडकतो, म्हणून तेथे आट्यांचे किंवा टोपीचे बूचच वापरावे लागते. विद्युत जोड कोरड्या प्लॅस्टिकने झाकतात.

टॉर्क कन्व्हर्टर हा या प्रकारातील सर्वांत नाजूक विषय आहे. तो बोल्टने गिअरबॉक्सला जोडलेला नसून केवळ आत सरकवलेला असतो. घंटेच्या तोंडावर आडवी पट्टी बांधून तो धरून ठेवला नाही तर वाटेत थोडा पुढे येतो आणि तेलाच्या पंपाच्या खाचेतून सुटतो. त्याच अवस्थेत इंजिनला जोडून बोल्ट आवळल्यास पंप फुटतो. याशिवाय कन्व्हर्टर बाहेर आला की त्यातील तेलही सांडते.

भारतात २०१४च्या मारुती सेलेरिओपासून लोकप्रिय झालेल्या ए.एम.टी. प्रकारात मूळ गिअरबॉक्स हातगिअरचाच असतो, पण गिअर बदलण्याचे काम त्यावर बसवलेली यंत्रणा करते. हायड्रॉलिक यंत्रणा असल्यास तिच्यात दाब साठवलेला असू शकतो. तिच्या नळ्यांचे जोड दाब उतरवल्याशिवाय सोडणे धोक्याचे असते.

तेल काढणे

पाठवणीपूर्वी तेल काढणे अनिवार्य मानले जाते. रेल्वेने दुचाकी पाठवतानाही इंधनाची टाकी रिकामी करावी लागते, त्यामागचे तत्त्व हेच आहे. पार्सलच्या डब्यात गिअरबॉक्सशेजारी कापडाचे गठ्ठे, धान्य किंवा फुलांच्या करंड्याही असू शकतात. मुदखेड परिसर फुलशेतीसाठी ओळखला जातो. गळलेल्या तेलाने दुसऱ्याचा माल खराब झाल्यास त्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर येऊ शकते.

तेल सोडण्याचे बूच उघडण्याआधी भरण्याचे बूच सैल होते का हे पाहण्याची पद्धत आहे. ते निघालेच नाही तर नवे तेल भरायला वाट उरत नाही, आणि हा दोष सौदा ठरण्याआधी कळलेला बरा. तेल काही तास निथळू द्यावे, इनपुट शाफ्ट हाताने चार-सहा वेळा फिरवावा व पुन्हा निथळू द्यावे. गिअर व बेअरिंगांवर उरणारा पातळ थर गंजापासून संरक्षण करतो, म्हणून आतला भाग पेट्रोल किंवा डिझेलने धुऊ नये.

निघालेले तेल धोकादायक व इतर कचरा नियम, २०१६ यांच्या कक्षेत येते. ते जमिनीत, नालीत किंवा विहिरीजवळ ओतणे गैर आहे. बंद डब्यात साठवून ते अधिकृत संकलकाकडे देणे अपेक्षित असते.

बुचे आणि झाकणे

प्रत्येक तोंडासाठी पहिली पसंती त्याच्या मूळ भागाला असते. स्विच, संवेदक किंवा चकती जागेवरच ठेवली तर वेगळे बूच लागत नाही. मूळ भाग द्यायचा नसल्यास पुढीलप्रमाणे व्यवस्था करतात.

* आट्यांच्या छिद्रात त्याच मापाचे व त्याच आट्यांचे बूच हाताने फिरवून बसवावे. कवच बहुधा ॲल्युमिनियमचे असते. वेगळ्या आट्यांचा बोल्ट पान्याने रेटल्यास आट्या कायमच्या मरतात.
* गुळगुळीत तोंडात रबराचे किंवा प्लॅस्टिकचे निमुळते बूच बसवावे. त्याचा बराचसा भाग बाहेर राहिला पाहिजे, म्हणजे ते आत ढकलले जात नाही आणि काढताना पकडता येते.
* चाकांच्या दांड्यांच्या तोंडात बूच घालून वरून जाड प्लॅस्टिक व चिकटपट्टी लावावी. चिकटपट्टी सीलच्या रबरावर चिकटवू नये.
* घंटेच्या मोठ्या तोंडावर प्लायवूडची चकती बोल्टने बसवावी. इनपुट शाफ्टच्या टोकाला ती टेकू नये.

चिंध्या, कापूस, कागदाचा बोळा आणि लाकडाची खुंटी हे उपाय सहज सुचतात, पण ते घातक असतात. चिंधी आत ओढली जाते, लाकडाची ढलपी तुटते, आणि कागद भिजून लगदा होतो. छिद्रावर लिंपलेली चिकट पुट्टी वाळल्यावर खरवडताना तिचे कण आत पडतात. बाहेरून लक्षात न येणारे बूच हाही धोकाच असतो. म्हणून सर्व तात्पुरती बुचे एकाच भडक रंगाची ठेवून त्यांची संख्या कागदावर लिहितात. 'एकूण ७ बुचे, त्यांपैकी १ ब्रीदरवर' अशी एक ओळ मुदखेडच्या कारागिराला बसवणीच्या वेळी पुरेशी होते.

बांधणी

पुठ्ठ्याचा खोका एवढे वजन पेलत नाही आणि थर्माकोलचे तुकडे वजनाखाली चुरडतात. लाकडी पेटी, किंवा किमान जाड फळ्यांची बैठक, आवश्यक असते. बांधणीची मुख्य तत्त्वे अशी आहेत.

वजन कवचाच्या जाड भागांवर व माउंटिंगच्या जागांवर पडावे. इनपुट शाफ्ट, मागचा दांडा, गिअर बदलण्याचा दांडा, संवेदक किंवा पातळ पत्र्याचा तळ यांवर ते मुळीच पडू नये. गिअरबॉक्सच्या आकाराचे खाचे कापलेले लाकडी ठोकळे खाली देऊन तो बैठकीला पट्ट्यांनी किंवा माउंटिंगच्या छिद्रांतून बोल्टने आवळावा. पेटी हलवली तरी आत आवाज होऊ नये. उचलण्यासाठी दोरी दांड्याला बांधू नये. पेटीलाच दोरीच्या कड्या किंवा खाली हात जाईल एवढी जागा ठेवल्यास हमालांना ती ढकलावी लागत नाही.

गिअरबॉक्स शक्यतो गाडीतील स्थितीतच ठेवावा, म्हणजे उरलेले तेल तळाशीच राहते आणि ब्रीदर वर राहतो. पेटीच्या तळाशी तेल शोषणारा थर द्यावा. जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांत सर्व बाजूंनी जाड प्लॅस्टिक आवश्यक ठरते. आत अडकलेल्या दमटपणासाठी सिलिका जेलच्या पुड्या प्लॅस्टिकच्या आत, पण गिअरबॉक्सच्या बाहेर, ठेवतात.

पेटीवर वरची बाजू दाखवणारा बाण, वजन, पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव-पत्ता आणि दोन्ही स्थानकांची नावे ठळक लिहावीत. बाहेरची चिठ्ठी फाटल्यास उपयोगी पडावी म्हणून तीच माहिती पेटीच्या आतही ठेवतात.

कागदपत्रे व कायदेशीर बाजू

वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिन व चेसिस क्रमांक असतो, गिअरबॉक्सचा क्रमांक नसतो. त्यामुळे चोरीच्या गाडीचा गिअरबॉक्स ओळखणे कठीण जाते. विक्रेत्याकडून पावती घेणे, तिच्यावर गाडीचे मॉडेल व गिअरबॉक्सवर कोरलेला क्रमांक लिहून घेणे हाच खरेदीदाराचा आधार होय. चोरीचा माल आहे हे माहीत असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१७ अन्वये गुन्हा आहे. मालाची किंमत आंतरराज्य वाहतुकीत ५०,००० रुपयांपेक्षा आणि महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीत १ लाख रुपयांपेक्षा अधिक असल्यास सर्वसाधारणपणे ई-वे बिल लागते.

रेल्वेने पाठवताना रेल्वे अधिनियम, १९८९ लागू होतो. किंमत जाहीर न केल्यास कलम १०३ नुसार रेल्वेची भरपाईची जबाबदारी मर्यादित राहते. सदोष बांधणीच्या मालासंबंधी कलम ९८ आहे, आणि पावतीवर बांधणी सदोष असल्याचा शेरा असेल तर दावा दुबळा होतो. भरपाईची सूचना माल सोपवल्यापासून सहा महिन्यांच्या आत कलम १०६ नुसार द्यावी लागते. ट्रकने पाठवल्यास रस्तामार्गे वहन अधिनियम, २००७ लागू होतो. त्यात बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी सूचना आवश्यक असते. बिल्टीवर नुसते 'मशिनरी' असे न लिहिता 'वापरलेला मोटार गिअरबॉक्स, तेल काढलेला' असे स्पष्ट लिहून घेतल्यास पुढे वाद कमी होतात.

माल पोहोचल्यावर

पेटी ताब्यात घेताना, सही करण्यापूर्वी, तिची स्थिती पाहणे महत्त्वाचे असते. फळी तुटलेली, पेटी उलटी ठेवलेली किंवा तळाशी तेलाचा डाग दिसल्यास तसा शेरा पावतीवर लिहून घ्यावा. रेल्वेच्या बाबतीत, खराब झालेल्या किंवा छेडछाड झाल्याच्या खुणा असलेल्या मालाची अधिकाऱ्यांसमक्ष उघडून पाहणी करून घेण्याची, म्हणजेच 'ओपन डिलिव्हरी'ची, मागणी कलम ८१ नुसार करता येते. पाठवताना काढलेली प्रत्येक बाजूची छायाचित्रे येथे उपयोगी पडतात. तडा वाटेत पडला की आधीपासून होता, हे त्यांवरून ठरते.

पेटी उघडल्यावर बुचे मोजून यादीशी ताडतात. एखादे बूच सापडले नाही तर ते आत पडले असण्याची शक्यता धरून शोध घ्यावा लागतो, आणि तोवर दांडे फिरवू नयेत. बुचे पूर्ण असल्यास इनपुट शाफ्ट हाताने फिरवून प्रत्येक गिअर पडतो का, खरखर किंवा अडखळ जाणवते का हे पाहतात. गिअरबॉक्स खाली आहे तोवरच इनपुट शाफ्टची, चाकांच्या दांड्यांची किंवा मागची ऑइल सील बदलणे स्वस्त व सोपे असते. बसवणीनंतर ब्रीदर मोकळा आहे याची खात्री करून, उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचे तेल भरण्याच्या बुचापर्यंत भरतात. वाटेसाठी तेल काढलेले होते हे विसरून गाडी सुरू केल्यास बेअरिंग आणि गिअर थोड्याच अंतरात निकामी होतात. म्हणून पाठवणारे काळजीपूर्वक कारागीर 'तेल नाही' अशी चिठ्ठी इनपुट शाफ्टलाच बांधतात. ती काढल्याशिवाय गिअरबॉक्स इंजिनला जोडताच येत नाही.

हे सुद्धा पहा

* क्लच
* डिफरन्शियल
* टॉर्क कन्व्हर्टर
* मुदखेड रेल्वे स्थानक